शेवट कापलेला व्हिडिओ

धुळ्याहून साक्री, साक्रीहून पिंपळनेर, आणि पिंपळनेर ओलांडून गुजरातच्या हद्दीकडे निघालं की आदिवासी पाड्यांचा मुलूख लागतो. राईनपाडा त्यातलंच एक गाव. १ जुलै २०१८ च्या दुपारपर्यंत साक्री तालुक्याबाहेर त्याचं नाव कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्या दिवशी तिथे पाच माणसं जमावाने ठेचून मारली. हे मरण काही मिनिटांत ओढवलं खरं, पण त्याची तयारी फार लांबून आणि बऱ्याच आधीपासून चालली होती. त्या तयारीत काही चित्रं होती. दिसली होती सगळ्यांना, पण ती कुठली, कुणाची, हे विचारलं कुणीच नव्हतं.

पाच वर्षं आधी

२१ ऑगस्ट २०१३. सीरियाची राजधानी दमास्कसच्या वेशीवर घूता भागात रासायनिक अस्त्रांचा हल्ला झाला. अंगावर जखम नसलेली, झोपल्यासारखी दिसणारी मुलं ओळीने मांडलेली होती. ती छायाचित्रं जगभरच्या वाहिन्यांनी दाखवली, त्यावरून संयुक्त राष्ट्रसंघात भांडणं झाली आणि मग जग पुढे गेलं. ती मुलं मात्र इंटरनेटवर पडून राहिली. पुढे याच चित्रांना आपल्याकडे हिंदी-मराठी ओळी चिकटल्या: मुलं पळवणारी टोळी आली आहे, किडन्या काढून प्रेतं टाकून देतात, आपल्या भागात फिरताहेत, सावध राहा. घूतात मेलेल्या लेकरांना मालेगाव-धुळे पट्ट्यात दुसऱ्यांदा वापरून घेतलं गेलं.

दोन वर्षं आधी

कराचीत हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने २०१६ मध्ये एक जाहिरात केली. गल्लीच्या वर लावलेल्या कॅमेऱ्यातून दिसावं तसं दृश्य आहे. पोरं क्रिकेट खेळताहेत. मोटारसायकलवर दोघे येतात, पोरांशेजारून हळू जातात, वळतात, मागे बसलेला एका लहानग्याला उचलतो आणि गाडी सुसाट निघते. बाकीची पोरं मागे धावतात. एवढं बघूनच पोटात गोळा येतो. पण जाहिरात इथे संपत नाही. गाडी परत येते, पोराला उतरवते, आणि मागचा माणूस फलक उघडतो: कराचीत दरवर्षी तीन हजारांवर मुलं हरवतात. एखादं मूल पळवायला किती कमी वेळ लागतो, हे संस्थेला आईबापांना सांगायचं होतं.

भारतात ही फीत पोचली तेव्हा तिचा शेवट कुणीतरी कापला होता. फलक गेला, परत येणारी गाडी गेली, कराची गेलं. उरलं ते फक्त पोर उचलणं. कापणारा कोण, ते कधी कळलं नाही. अशा कामाला फार अक्कल लागत नाही आणि वेळही लागत नाही.

त्याच वर्षी, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओ आलं. डेटा आधी फुकट आणि मग कवडीमोल झाला. बाजारच्या दिवशी चार्जिंग आणि रिचार्जच्या टपऱ्यांवर पोरांचा घोळका दिसू लागला. वर्तमानपत्र ज्या पाड्यावर कधी नियमित पोचलं नाही, तिथे हलतं चित्र थेट हातात आलं. छापील मजकुराची चिरफाड करायची सवय निदान शाळेत थोडी लागते. चित्राबाबत तीही लागलेली नव्हती. डोळ्यांनी पाहिलं म्हणजे झालं, हा आपला जुना कायदा.

सात-आठ महिने आधी

थोडं आडवाटेने जातो, कारण चित्रांचा हा खेळ फक्त पाड्यावर चालत नव्हता. नोव्हेंबर २०१७ मध्ये जळगाव जिल्ह्यात, चाळीसगाव तालुक्यात, नरभक्षक बिबट्याने धुमाकूळ घातला होता. तेव्हाचे जलसंपदामंत्री आणि जामनेरचे आमदार गिरीश महाजन तिथे पोचले आणि हातात पिस्तूल घेऊन शिवारात फिरताना दिसले. सगळ्या वाहिन्यांनी ते दाखवलं. वन्यजीवांचा कायदा, वनखात्याचं काम, मंत्र्याने पिस्तूल काढावं का, या चर्चा स्टुडिओत झाल्या. गावात मात्र माणसं म्हणाली असतील की आपला माणूस आला तरी. पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरच्या महापुरात बोटीत बसून हसत हात हलवणारे महाजन दिसले, तेव्हा तीच वाहिनी, तोच प्रेक्षक संतापला. दोन महिन्यांनी जामनेरकरांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. म्हणजे टीव्हीवर उसळलेला संताप आणि मतपेटी यांच्यात मोठी मोकळी जागा असते. त्या जागेत पुढारी निवांत उभा राहतो. सामान्य माणसाला तेवढी सवड मिळत नाही. त्याच्या वाट्याला संताप आला, तर तो तिथल्या तिथे येतो.

महिनाभर आधी

जून २०१८. आसामात कार्बी आंगलाँगला गुवाहाटीहून फिरायला गेलेले दोन तरुण मुलं पळवणारे समजून मारले गेले. आपल्याकडे वैजापूर तालुक्यात चांडगावला चोर समजून दोघांना मारलं. नंदुरबार, औरंगाबाद, नाशिक, बीड, जिकडेतिकडे पोलीस सांगत होते की टोळी वगैरे काही नाही. पण पोलिसांचं सांगणं म्हणजे पत्रक आणि अफवेचं सांगणं म्हणजे व्हिडिओ. पत्रकात कुणाचं मूल रडत नाही.

तीन दिवस आधी

२८ जून, गुरुवार. त्रिपुरात सरकारच्या माहिती व सांस्कृतिक खात्याने एका माणसाला रोजावर घेतलं होतं. गावोगाव भोंगा लावून फिरायचं आणि सांगायचं की मुलं पळवण्याच्या अफवांवर विश्वास ठेवू नका. सबरूम भागात जमावाने त्यालाच मूल पळवणारा समजून मारून टाकलं. ही बातमी मराठी वर्तमानपत्रांत आली असेल तर आतल्या पानावर. खरं तर त्याच दिवशी प्रत्येक जिल्हा पोलीस कचेरीत धोक्याची घंटा वाजायला हवी होती. अफवा खोटी आहे, असं सांगणाऱ्याचा आवाजही जिथे संशयाचा होतो, तिथे भोंग्याने काम होणार नाही हे उघड होतं.

आदली रात्र

शनिवार, ३० जून. पिंपळनेरला काही कुटुंबांनी पालं ठोकली होती. ही माणसं नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्याकडची. भटक्या जमातींतला हा समाज. डवर वाजवत, नाथांचं नाव घेत भिक्षा मागायची, एका गावाला चार दिवस, की पुढचं गाव. वर्षाचे काही महिने बिऱ्हाड पाठीवर असतं. मंगळवेढ्याकडे पाऊस बेताचा, जमीन असली तर नावापुरती. खान्देशात यायला त्यांना कुणाचा परवाना लागत नव्हता. पिढ्यान् पिढ्या ते येतच होते.

अनोळखी माणूस दारात आला की त्याला भिक्षा द्यायची की हाकलायचं, याचा निकाल गावं शतकभर आपल्या पद्धतीने लावत आली आहेत. डवर ऐकू आला की कळायचं कोण आहे. त्या ओळखीचा पाया मात्र त्या जूनमध्ये खचला होता. आता अनोळखी माणसाचा चेहरा आधी मोबाइलमधल्या चेहऱ्याशी पडताळला जात होता.

रविवार, सकाळ

राईनपाड्याला रविवारचा आठवडे बाजार. जुलैची पहिली तारीख म्हणजे पेरणीचे दिवस. आजूबाजूच्या पाड्यांवरची माणसं तेल-मीठ, कांदे-बटाटे, सुकी मासळी घ्यायला उतरतात. पाहुणे भेटतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात. एरवी विखुरलेला मुलूख एका जागी गोळा होतो तो याच दिवशी. जमाव वेगळा बोलवावा लागत नाही, तो बाजाराच्या रूपाने आधीच हजर असतो. ज्यांना ही गोष्ट वाईट हेतूने कळते ते दंगली घडवतात. इथे तसा कुणाचा हेतू असल्याचं दिसलं नाही, आणि म्हणूनच हे जास्त भीतिदायक आहे.

पिंपळनेरच्या पालांवरून निघालेले पाच जण एसटीने आले आणि बाजाराजवळ उतरले.

पुढची काही मिनिटं

त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी काहीतरी बोलला, असं नंतर सगळ्या बातम्यांत आलं. काय बोलला, हे सांगायला तो उरला नाही. पत्ता विचारला असेल, पाणी मागितलं असेल. लहान मुलांशी दोन शब्द बोलणं ही भिक्षेकऱ्याची रीतच आहे, कारण मूल घरात धावत जाऊन आईला सांगतं.

पण बघणाऱ्यांच्या डोक्यात चित्र आधीच तयार होतं. गल्ली, खेळणारं मूल, जवळ आलेला अनोळखी माणूस. पुढे काय होणार, हे त्यांना ‘माहीत’ होतं. मूल उचलणार. फितीत ते पन्नास वेळा पाहून झालं होतं. शेवट कापला होता म्हणून पोर परत येतं, हे कुणाच्याच डोक्यात नव्हतं. कुणीतरी ओरडलं, आणि बाजार वळला.

पाचही जणांनी ओळखीचे कागद दाखवायचा प्रयत्न केला. आधार कार्ड या देशात बँकेत चालतं, रेशन दुकानात चालतं, सिमकार्डाला चालतं. त्या बाजारात चाललं नाही.

त्यानंतर

कुणीतरी त्यांना ग्रामपंचायतीच्या इमारतीत नेलं. वाचवायला नेलं की कोंडायला, याची उत्तरं माणसागणिक वेगळी निघतील. कदाचित दोन्ही हेतूंची माणसं त्या गर्दीत होती. खोलीत कोंडल्यावर दार फुटलं. आत काठ्या, दगड, चपला, हाताला लागेल ते. ग्रामपंचायत म्हणजे गावाचं सरकार. तिरंगा फडकतो ती जागा, घरकुलाच्या याद्या लागतात ती जागा. त्याच चार भिंतींत हे झालं.

आणि ते चित्रित होत होतं. खिडकीतून, दारातून, माणसांच्या खांद्यांवरून मोबाइल आत शिरले होते. पळवापळवीचा खोटा व्हिडिओ ज्या वाटेने गावात आला, त्याच वाटेने मारण्याचा खरा व्हिडिओ बाहेर निघाला. फरक एकच, याचा शेवट कुणी कापला नाही.

पिंपळनेर पोलीस ठाण्याची माणसं पोचली तेव्हा ती मूठभर होती आणि बाजार हजारोंचा. जादा कुमक येईपर्यंत पाच जण गेलेले होते.

रविवार, संध्याकाळ

इथून पुढचा घटनाक्रम टीव्हीचा आहे.

१ जुलैच्या सकाळी दिल्लीत बुराडी भागात एकाच घरातले अकरा जण मृतावस्थेत सापडले होते. देशभरच्या हिंदी वाहिन्या त्या घराच्या दारात होत्या. भिंतीतून बाहेर आलेले अकरा पाइप, डायऱ्या, मोक्ष, तंत्र. महिनोन् महिने पुरेल एवढं खाद्य. राईनपाड्याच्या पाच मृतदेहांना त्याच संध्याकाळी त्याच पडद्यावर जागा शोधायची होती. मराठी वाहिन्यांनी ती दिली, मारहाणीची मोबाइल क्लिप धूसर करून पुन्हा पुन्हा दाखवली. धूसर केल्यावर आवाज तेवढा राहतो. टीव्हीवरची ती क्लिप लोकांनी पुन्हा मोबाइलवर उतरवून घेतली आणि पुढे पाठवली. काही जण ‘बघा पकडले’ म्हणून पाठवत होते, काही ‘बघा काय चाललंय’ म्हणून. फोनला दोघांतला फरक कळत नाही.

रविवार, रात्र

मालेगाव, धुळ्याहून तासाभराच्या वाटेवर. तिथेही भिक्षा मागत फिरणाऱ्या एका कुटुंबाला जमावाने घेरलं. पाच जण, त्यात दोन वर्षांचं लेकरू. कारण तेच. इथे पोलीस वेळेत पोचले, गर्दी त्यांच्यावरही उलटली, तरी त्यांनी त्या पाचांना बाहेर काढलं.

या रात्रीवर खरं तर पुस्तक लिहायला हवं. शहराचा पोलीस आणि पाड्यावरचा पोलीस यांच्यात किती किलोमीटरचं आणि किती माणसांचं अंतर असतं, याचा हिशेब एकाच दिवशी दोन ठिकाणी मांडलेला मिळतो. पण वाचलेल्या पाच जणांचं चित्र टीव्हीवर फार वेळ टिकत नाही. मालेगाव आलं ते राईनपाड्याच्या बातमीला शेपूट म्हणून.

सोमवार

मारहाणीच्या क्लिप थांबवून थांबवून बघत पोलीस चेहरे ओळखत होते. तेवीस जणांना अटक झाली. पुढे आकडा वाढत गेला. ज्याने अभिमानाने चित्रण केलं, त्याचाच फोन पुरावा झाला. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मृतांच्या वारसांना प्रत्येकी पाच लाखांची मदत जाहीर केली. पिंपळनेरला नातेवाइकांनी मृतदेह ताब्यात घ्यायला नकार दिला होता, आधी न्यायाचं बोला म्हणून. भटक्या माणसाला सरकारशी बोलायची संधी बहुधा मृतदेहाशेजारी बसूनच मिळते.

त्या रात्री थायलंडच्या गुहेत अडकलेली बारा पोरं आणि त्यांचा प्रशिक्षक जिवंत सापडले. जगाचे कॅमेरे तिकडे वळले. वळणारच. बारा पोरं वाचण्याची गोष्ट कुणाला नको असते?

मंगळवार ते शुक्रवार

३ जुलैला सकाळी मुंबईत अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. मुंबईच्या लोकलचा खोळंबा म्हणजे मराठी वाहिन्यांचं हक्काचं अंगण. ४ तारखेला नागपुरात पावसाळी अधिवेशन सुरू झालं. विरोधकांच्या हाती राईनपाडा होता. पण शुक्रवारी, ६ तारखेला, नागपुरात असा पाऊस झाला की विधानभवनात पाणी शिरलं, वीज गेली, कामकाज थांबलं. अंधारातल्या विधानभवनाची दृश्यं दिवसभर चालली. सरकारची लाज काढायला ती पुरेशी होती आणि त्यात कुणाचं रक्त नव्हतं.

त्याच आठवड्यात झारखंडात जमावबळीच्या खटल्यातून जामिनावर सुटलेल्यांना केंद्रीय मंत्री जयंत सिन्हांनी हार घातल्याचं छायाचित्र बाहेर आलं. दिल्लीची चर्चा तिकडे गेली. म्हणजे जमावबळी हा विषय टीव्हीवर होता, राईनपाडा नव्हतं.

सहा दिवसांत सहा चित्रं. एकाने दुसऱ्याला ढकललं, कुणी कट केला नाही.

महिना, आणि मग पाच महिने

व्हॉट्सॲपने १० जुलैपासून पुढे ढकललेल्या संदेशांवर ‘फॉरवर्डेड’ची खूण लावली, वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, आणि भारतात एका वेळी पाचांनाच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. १७ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला खटल्यात जमावबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमायला सांगितलं. कागदावर हे सगळं महत्त्वाचं आहे, आणि राईनपाड्याचा त्यात वाटा आहे.

राजकारणाच्या हिशेबात मात्र वहीत काहीच चढलं नाही. १ ऑगस्टला जळगाव महापालिकेचं मतदान झालं. भाजपला ७५ पैकी ५७ जागा मिळाल्या, सुरेश जैनांची अनेक वर्षांची सत्ता गेली. डिसेंबरात धुळे महापालिकेतही ७४ पैकी ५० जागा भाजपने घेतल्या. शहरांचे प्रश्न वेगळे, पाणी, गाळे, रस्ते, हे खरं. तरी ज्या जिल्ह्यात पाच माणसं ग्रामपंचायतीत मारली गेली, तिथल्या मुख्य शहराच्या प्रचारात त्याची किंमत शून्य असावी, ही नोंद करून ठेवण्यासारखी गोष्ट आहे. मेलेल्यांची नावं धुळे जिल्ह्याच्या मतदारयादीत नव्हती आणि मारणाऱ्यांची होती, असं कुणी कडवटपणे म्हटलं तर त्याला खोडणं सोपं नाही.

दोन वर्षांनी

१६ एप्रिल २०२०, गुरुवारची रात्र, पालघर जिल्ह्यात गडचिंचले. कांदिवलीहून सुरतेकडे निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक. आदिवासी पाडा तोच, अफवा तीच, पोलीस तेवढेच तोकडे. तिघं गेले. शंभरावर माणसं लगेच पकडली गेली. दोन दिवस बातमी बेताची राहिली. रविवारी, १९ तारखेला, व्हिडिओ बाहेर आला: एक म्हातारा साधू पोलिसाचा हात धरून बाहेर येतो, आणि तो हात सुटतो.

यावेळी पडदा मोकळा होता. टाळेबंदीत अख्खा देश घरात, टीव्हीसमोर. पूल कोसळत नव्हता, कारण लोकल धावत नव्हती. राज्यातलं तीन पक्षांचं सरकार जेमतेम पाच महिन्यांचं, आणि विरोधात बसलेल्यांना त्याला कुठे धरायचं ते कळत नव्हतं. रिपब्लिक वाहिनीच्या अर्णब गोस्वामींनी थेट सोनिया गांधींचं नाव घेतलं, त्यावरून गुन्हे दाखल झाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. मुख्यमंत्री उद्धव ठाकरेंना समाजमाध्यमावर येऊन सांगावं लागलं की याला धार्मिक रंग नाही. २२ एप्रिलला गृहमंत्री अनिल देशमुखांनी अटक झालेल्या १०१ जणांची यादीच जाहीर केली, त्यात एकही मुसलमान नाही, एवढं दाखवण्यासाठी. आरोपींची नावं धर्म तपासायला प्रसिद्ध करण्याची वेळ राज्याच्या गृहमंत्र्यावर चित्राने आणली.

राईनपाड्याचे पाच जणही गोसावीच होते. नाथांचेच. साधूंना न्याय म्हणून २०२० मध्ये जे रस्त्यावर येऊ पाहत होते, त्यांच्यातल्या कितीजणांनी २०१८ मध्ये मंगळवेढ्याची वाट धरली होती? आणि २०१८ मध्ये सरकारला जाब विचारणारे विरोधक २०२० मध्ये सत्तेत गेल्यावर ‘याचं राजकारण करू नका’ म्हणाले, तेही तितकंच ओळखीचं आहे. दोन्ही बाजूंना फक्त आपल्या कामाचा मृतदेह दिसतो.

गडचिंचल्याचा तपास राज्याच्या सीआयडीकडून सीबीआयकडे जावा की नाही, यावर पुढची दोन-तीन वर्षं, सरकार बदलल्यावरही, वाद चालू राहिला. राईनपाड्याचा खटला कोणत्या तारखेला आहे, हे विचारणारा फोन त्या काळात कुठल्याही स्टुडिओतून धुळ्याच्या न्यायालयात गेला असेल असं मला वाटत नाही.